वस्तीवरच्या कुत्र्याचे खाणे : पारख कशी करावी?



या सदरात आम्ही बेणे निवड, खोडवा राखणे, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेत असतो. या अंकातला विषय उसाचा नाही, पण ऊस पिकविणाऱ्याच्या दारातला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात बहुतेक सभासद गावठाण सोडून रानात वस्ती करून राहतात. रात्री पाण्याची पाळी असते, मोटार चालू करायला जावे लागते, गोठ्यात जनावरे असतात. अशा वस्तीवर कुत्रे हे हौसेचे नसते, ते राखणदार असते. शिवारफेरीत आम्ही जातो तेव्हा बांधावर पहिले स्वागत तेच करते.

पण या राखणदाराच्या खाण्याकडे आपण कितपत बघतो? उरलीसुरली भाकरी कालवून टाकली की झालं, अशी जुनी रीत. अलीकडे दुसरी रीत आली आहे. शहरातून मुलगा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू आणतो, बरोबर एक चकचकीत पिशवी आणतो, आणि महिन्याला त्यावर घरातल्या किराणाएवढा खर्च होतो. पहिल्या रीतीत कुत्रे उपाशी राहत नाही, पण पोसलेही जात नाही. दुसऱ्या रीतीत पैसा जातो, पण चांगला माल आला की नुसते चित्र आले हे कुणी तपासत नाही.

सभासदांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. उसाचे टनेज वेगळे आणि साखरेचा उतारा वेगळा. काटा वजन दाखवतो, पण पोत्यात साखर किती पडली हे प्रयोगशाळा सांगते. कुत्र्याच्या खाण्याचेही तसेच आहे. पोट भरणे हे टनेज झाले. अंगाला लागणे हा उतारा. खाणे घरचे असो की विकतचे, ते उताऱ्यावर पारखावे, एवढेच आम्हांला या लेखात सांगायचे आहे. आम्ही पशुवैद्य नाही. आजार, औषध, लस यांबाबत पशुवैद्यकीय दवाखान्याचाच सल्ला घ्यावा. खाद्याचा हिशेब मात्र खताच्या हिशेबासारखाच आहे आणि तो कोणाही शेतकऱ्याला जमण्याजोगा आहे.

कुत्र्याचे पोट कसे असते?

गाय-म्हैस रवंथ करणारी. तिच्या पोटातले जंतू चाऱ्याचे अन्न करून देतात. कुत्र्याचे पोट साधे, एका कप्प्याचे. ते मूळ लांडग्याच्या कुळातले, म्हणून मांस त्याला उत्तम पचते. पण ते हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ राहिले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या पाचकरसाचे जनुक लांडग्यात दोनच प्रती असते, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी जास्त प्रती असतात. म्हणजे शिजवलेली भाकरी, भात, चपाती त्याला पचते. ‘कुत्र्याला धान्य म्हणजे विष’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. उलट, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली ‘धान्यविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या खाद्यांची हृदयविकाराच्या संशयावरून चौकशी सुरू केली होती. दोष पक्का सिद्ध झाला नाही, पण धान्य काढून टाकले म्हणजे माल उंची झाला असे नव्हे, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

धान्य चालते, पण नुसत्या धान्यावर भागत नाही. ते कसे, हे आकड्यांनी पाहू.

नुसत्या भाकरीचा हिशेब

मध्यम बांध्याचे, सुमारे २० किलो वजनाचे मोठे कुत्रे धरू. त्याला दिवसाला साधारण १,००० कॅलरी लागतात. दिवसरात्र बांधलेल्या कुत्र्याला थोड्या कमी, रानात पळणाऱ्याला जास्त. ज्वारीच्या ६५ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर साडेचार भाकरींत कॅलरी भरून निघतात. टनेज पुरे झाले.

आता उतारा बघा. साडेचार भाकरींत प्रथिने मिळतात सुमारे २९ ग्रॅम. अमेरिकेत खाद्य तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने मोठ्या कुत्र्यासाठी ठरविलेले किमान प्रमाण हजार कॅलरीमागे ४५ ग्रॅम आहे. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो, म्हणजे जे मिळते तेही पुरते कामी येत नाही. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे तर विचारूच नका. गरज सव्वा ग्रॅमची आणि साडेचार भाकरींतून मिळते जेमतेम ८० मिलिग्रॅम. गरजेचा दहावा हिस्साही नाही.

हे म्हणजे उसाला नुसता युरिया टाकून स्फुरद, पालाश विसरण्यासारखे आहे. पीक हिरवे दिसते, पण कांडी भरत नाही. नुसत्या भाकरीवरचे कुत्रेही लगेच मरत नाही. त्याचे केस राठ होतात, जखम लवकर भरत नाही, पिल्लांचे पाय वाकतात, कुत्री व्याल्यावर हाडांचा सापळा होते. आणि अर्धपोसलेले कुत्रे खाणे शोधायला उकिरड्यावर आणि दुसऱ्याच्या वस्तीवर जाते. राखणदार रात्री जागेवर नसेल तर त्याचा उपयोग काय?

घरचे पुरे ताट

घरचे खाणे वाईट नाही, ते अपुरे असते. ते पुरे करता येते. त्याच २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचा एक नमुना देत आहोत :

१. ज्वारी, बाजरी किंवा गव्हाच्या तीन भाकरी-चपात्या. शिळ्या चालतील, बुरशी आलेल्या नाहीत.
२. चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभर कोरडी डाळ मऊ शिजवून. फोडणी नको, तिखट नको.
३. दोन उकडलेली अंडी. त्याऐवजी अंदाजे शंभर ग्रॅम कोंबडीचे हाड काढलेले, शिजवलेले मांस.
४. वाटीभर ताजे दही.
५. चमचाभर खाद्यतेल.
६. अंड्याचे कवच उकळून, वाळवून, बारीक दळून केलेली पूड चहाचा अर्धा चमचा.

यात कॅलरी हजाराच्या थोड्या वर जातात आणि प्रथिने ४४ ग्रॅमच्या आसपास मिळतात. कवचाची अर्धा चमचा पूड सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम देते. जो पदार्थ आपण फेकून देतो त्यातच चुना आहे. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांची उणीव मात्र या ताटातही राहू शकते. त्यासाठी कुत्र्याचे म्हणून मिळणारे क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्याला विचारून द्यावे. गोठ्यातले मिनरल मिक्श्चर कुत्र्याला घालू नये. त्याचे प्रमाण गाईसाठी ठरलेले असते.

आपल्यात माळकरी घरे पुष्कळ आहेत. तिथे अंडे-मांस दारात येत नाही, आणि कुत्रे पाळायचे तर मांस घालावेच लागेल का, असे सभासद विचारतात. मांजराला मांसाशिवाय भागत नाही. कुत्र्याचे मात्र नीट आखणी केली तर भागू शकते. किराणा दुकानात मिळणाऱ्या सोयाबीनच्या वड्यांत निम्मी प्रथिने असतात. चाळीस ग्रॅम वड्या भिजवून, शिजवून, पिळून घातल्या तर सुमारे २० ग्रॅम प्रथिने होतात. घरचे सोयाबीन असेल तर ते चांगले शिजवूनच घालावे. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिने पचू देत नाही. अशा ताटाला ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची जोड लागतेच. पिल्लाला मात्र हे प्रयोग करू नयेत.

नुसते मांसच घातले म्हणजे उत्तम, हाही गैरसमज आहे. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात.

पिशवीवरचे वाचायला शिका

खताचे पोते घेताना आपण १०:२६:२६ आहे की १८:४६ आहे हे बघतो. पोत्यावरच्या हिरव्या पिकाच्या चित्राला कोणी भुलत नाही. कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवर मात्र मांसाचा लालबुंद तुकडा आणि गाजराचे चित्र बघून आपण पैसे देतो. पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू मालाची. मागच्या बाजूला हे पाहावे :

पहिले, खाद्य पुरे आहे की जोडखाद्य. ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणजे ‘संपूर्ण व संतुलित’ असे लिहिलेले खाद्य एकट्यावर कुत्रे पोसायला असते. बिस्किटे, काड्या, रस्स्याची पाकिटे हा वरखुराक आहे. दिवसाच्या खाण्यात त्याचा वाटा दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा.

दुसरे, कोणत्या वयासाठी. पिल्लाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. आधी सांगितलेल्या अमेरिकन प्रमाणानुसार ओलावा वजा जाता मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात प्रथिने किमान १८ टक्के आणि स्निग्धांश साडेपाच टक्के लागतो. पिल्लू, गाभण व पाजती कुत्री यांना प्रथिने साडेबावीस आणि स्निग्धांश साडेआठ टक्के. आडसाली आणि सुरू उसाला आपण एकच खतमात्रा देत नाही, तसेच हे.

तिसरे, घटकांची यादी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिले चार-पाच घटक म्हणजेच माल, बाकी चिमूटभर. इथे दोन खुब्या असतात. ताज्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणी असते, त्यामुळे ‘ताजे कोंबडीचे मांस’ यादीत पहिले दिसते, पण वाळल्यावर त्याचा वाटा खाली जातो. दुसरी खुबी म्हणजे एकाच धान्याचे तुकडे करून लिहिणे. मका, मक्याचे ग्लुटेन, मक्याचा कोंडा असे तीन ठिकाणी विभागले की मांस वर राहते. तिन्हींची बेरीज करा, मग खरा क्रम कळेल. मांसाचे नाव स्पष्ट असावे. कोंबडी, बकरी, मासे असे लिहिलेले चांगले. नुसते ‘प्राणिजन्य पदार्थ’ लिहिले असेल तर या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरे येऊ शकते.

चौथे, ओलावा. कोरड्या दाण्यात ओलावा सुमारे दहा टक्के, डब्यातल्या रस्स्याच्या खाद्यात ऐंशी टक्क्यांपर्यंत. समजा डब्यावर प्रथिने ८ टक्के आणि पिशवीवर २२ टक्के आहेत. डबा हलका वाटतो. पण पाणी वजा करा. डब्यातल्या शंभर भागांत कोरडा माल २० आणि त्यात प्रथिने ८, म्हणजे ४० टक्के. पिशवीत कोरडा माल ९० आणि प्रथिने २२, म्हणजे साडेचोवीस टक्के. प्रथिनांत डबा सरस निघाला. मात्र एक किलो डब्यात आपण आठशे ग्रॅम पाणी विकत घेतो, हेही विसरू नये.

पाचवे, दिवसाचा खर्च. किलोच्या भावावर जाऊ नका. समजा एक खाद्य २०० रुपये किलो आहे आणि आपल्या कुत्र्याला दिवसाला ३४० ग्रॅम लागते. खर्च ६८ रुपये. दुसरे २४० रुपये किलो, पण २७० ग्रॅममध्ये भागते. खर्च ६५ रुपये. महाग दिसणारे स्वस्त पडले. किती ग्रॅम घालायचे याचा तक्ता पिशवीवर छापलेला असतो.

सहावे, उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच नंबर आणि कंपनीचा पत्ता. हे ठळक छापलेले नसेल तर ती पिशवी परत ठेवावी. पोते फोडून सुटे विकलेले खाद्य घेऊ नये. त्यातील स्निग्धांश हवेने खवट होतो, आणि तक्रार करायची तर बॅच नंबर कुठून आणणार?

आकडा खरा, पण माल खोटा

पिशवीवरचा प्रथिनांचा आकडा प्रयोगशाळेत कसा काढतात हे माहीत असलेले बरे. प्रथिने थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ही पद्धत डेन्मार्कमधील केल्डाल यांच्या नावाने ओळखली जाते आणि १८८३ पासून चालत आली आहे. माती परीक्षणात नत्र काढतात त्याच धर्तीचे हे काम. आता विचार करा. नत्र तर युरियातही आहे. मग नत्र वाढवले की कागदावर प्रथिने वाढली!

२००७ साली नेमके हेच घडले. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन नावाचे भरपूर नत्र असलेले रसायन मिसळलेले निघाले. हे रसायन प्लास्टिकच्या ताटल्या करण्यासाठी वापरतात. तपासणीत प्रथिने भरली, पण ते खाद्य खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. शंभरावर नावांची खाद्ये बाजारातून मागे घ्यावी लागली. आकडा खोटा नव्हता, मालच खोटा होता.

यातून आपल्या वस्तीपुरता एक धडा आहे. गाईच्या गोळीपेंडीवर प्रथिने वीस-बावीस टक्के छापलेली असतात, म्हणून काही ठिकाणी तीच ओली करून कुत्र्याला घालतात. काही गोळीपेंडीत थोडा युरिया असतो. गाईच्या पोटातले जंतू त्याचे प्रथिन करतात. कुत्र्याच्या पोटात ती सोय नाही. शिवाय पेंडेतला चोथा त्याला पचत नाही. गाईचे गाईला, कुत्र्याचे कुत्र्याला.

बुरशीचे धान्य : सर्वांत मोठा धोका

‘माणसाला नको, जनावराला घाल’ ही आपली सवय. बुरशी आलेला मका, काळी पडलेली ज्वारी, खवट शेंगदाण्याची पेंड कुत्र्यापुढे जाते. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर जाते आणि शिजवल्याने नाहीसे होत नाही.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातील आदिवासी गावांत काविळीची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेला बुरशीचा मका लोकांनी खाल्ला होता. शंभरावर माणसे दगावली. त्या साथीत गावातील कुत्र्यांनाही तीच कावीळ झाली, कारण त्यांच्या पोटातही तोच मका गेला होता. पुढे २००५ साली अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या खाद्यात असाच मका गेला आणि शंभरावर कुत्री मेली. म्हणजे घरचे असो वा कारखान्याचे, धान्य चांगले असेल तरच खाद्य चांगले.

म्हणून बुरशीचे धान्य वेचून, धुऊन, वाळवून कुत्र्याला घालू नये. ते कोंबड्यांना आणि जनावरांनाही नको. विकतचे खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी. खत आणि कीटकनाशकाच्या खोलीत मुळीच ठेवू नये. पावसाळ्यात महिनाभरात संपेल एवढीच पिशवी आणावी. वासात फरक पडला, दाण्याला पांढरट धागे दिसले की कुत्र्यालाही नको आणि उकिरड्यावरही नको. पुरून टाकावे.

हे घालू नये

कांदा-लसूण : कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. रश्शात भाकरी कुस्करताना हे लक्षात ठेवावे.

द्राक्षे व बेदाणे : काही कुत्र्यांची मूत्रपिंडे थोड्या द्राक्षांनीही बंद पडतात. बागाईतदार सभासदांनी मणी तोडणीच्या वेळी जपावे. २०२१ पासून यात टार्टारिक आम्लावर संशय आहे आणि ते चिंचेतही भरपूर असते. म्हणून चिंचेची आमटी नको.

चॉकलेट, चहापूड, कॉफी : हृदयाची धडधड वाढवतात, झटके आणतात. साखरविरहित गोळ्या व च्युइंगममधील झायलिटॉलही घातक.

शिजवलेली हाडे : शिजवल्यावर ठिसूळ होऊन त्यांच्या टोकदार कपच्या होतात आणि आतडे फाडतात.

कच्ची आतडी-फुप्फुसे, मेलेली शेळी-मेंढी : यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या हाताला, भाजीला लागतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. मेलेले जनावर खोल पुरावे. कुत्र्याला ठरल्या वेळी जंताचे औषध द्यावे.

दूध : मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, ढाळ लागते. दही-ताक त्या मानाने बरे. गूळ, मळी, उसाचा रस यांची गरज नाही.

उसाच्या रानात उंदरासाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकले असेल तर कुत्रे बांधून ठेवावे आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत.

पिल्लू आणि व्यालेली कुत्री

पिल्लू आईच्या अंगावर असतानाच चौथ्या आठवड्यापासून मऊ भिजवलेले खाणे चाटायला द्यावे. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पिल्लासाठीचे पुरे खाद्य विकत घेत असाल तर वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा कवचाची पूड देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमने हाडांचा दोष येतो. खताची मात्रा दुप्पट केली म्हणून पीक दुप्पट येत नाही, हे आपण जाणतोच.

कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. शेवटच्या तीन आठवड्यांत खाणे वाढवीत न्यावे. पाजताना तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागते.

खाद्य बदलायचे असेल तर एकदम बदलू नये. आठवडाभरात पाव, अर्धे, पाऊण असे नवीन वाढवीत न्यावे.

ताट कुठे ठेवता?

ही गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यासाठी फार महत्त्वाची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून संशोधकांनी त्यांचे खाद्य शोधले. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाद्यात सुमारे ३९ टक्के कुत्रीच निघाली. शेळ्यांसारखी जनावरे त्यानंतर. म्हणजे ज्या उसाच्या कडेला मोकाट कुत्री जमतात तिथे बिबट्याला जेवणाचे आमंत्रणच असते.

कुत्री कशाने जमतात? उघड्यावर टाकलेल्या खाण्याने, कोंबडीच्या पिसा-आतड्यांच्या ढिगाने, उकिरड्याने. म्हणून ताट उसाच्या कडेला किंवा बांधावर ठेवू नये. घराजवळ, ठरल्या वेळी, आपल्या देखत खाऊ घालावे. वीस मिनिटांत जे उरेल ते उचलावे. संध्याकाळचे खाणे अंधार पडण्याआधी द्यावे. रात्री कुत्रे साखळीने उघड्यावर बांधू नये, त्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. गोठ्यात किंवा जाळी लावलेल्या खोपटात आत घ्यावे. आतून भुंकले तरी राखण होते. लहान मुलांना कुत्र्यामागे उसाच्या कडेला पाठवू नये. तोडणीच्या टोळ्या आल्या की कोप्यांभोवतीही असेच खरकटे साठते. ज्यांच्या रानात टोळी उतरते त्यांनी एक खड्डा काढून द्यावा आणि खरकटे त्यात टाकायला सांगावे. त्या कोप्यांत लहान लेकरे झोपतात, हे विसरता कामा नये.

शेवटची परीक्षा कुत्र्याच्या अंगावर

पिशवी वाचली, ताट आखले, तरी निकाल कुत्रे देते. महिन्यातून एकदा चार गोष्टी बघाव्यात. बरगड्यांवरून हात फिरवा. पातळ मांसाखाली बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर कुत्रे लठ्ठ, लांबूनच मोजता येत असतील तर हडकुळे. याला मुधोळ आणि कारवान जातीची कुत्री अपवाद आहेत. ती बांध्यानेच सडपातळ असतात, बरगड्यांची पुसट रेघ दिसणे हे त्यांचे दुखणे नव्हे. दुसरे, केस. ते तुळतुळीत असावेत. तिसरे, शेण घट्ट, उचलता येईल असे आणि थोडे असावे. ढीगभर शेण म्हणजे खाणे न पचता बाहेर पडले. चौथे, वजन. आपण कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

चांगले पोसलेल्या कुत्र्यालाही पिसाळण्याची लस वर्षाला टोचून घ्यावीच लागते. खाणे लसीची जागा घेत नाही.

सभासदांना आमची विनंती आहे की, या आठवड्यात एवढे करावे. घरात विकतची पिशवी असेल तर ती उलटी करून मागची बाजू वाचावी. भाकरी घालत असाल तर तिच्या जोडीला डाळ आणि अंडे किंवा सोयावडी घालायला सुरुवात करावी. आणि ताट बांधावर असेल तर ते आजच घराजवळ आणावे. पिशवीवरचे काही उमजले नाही तर पिशवी घेऊन गट ऑफिसला यावे, आम्ही वाचून समजावून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग